झाडीत जाती जास्त मिळाल्या, म्हणून गवत हरलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका टेकडीवर तुमच्या गटाने पावसाळ्यात कप पुरले आणि त्यात पडलेले कोळी व जमिनीवरचे भुंगेरे मोजले. निम्मे कप उघड्या गवतात होते, निम्मे उंदीरमारीच्या झाडांच्या लागवडीत. लागवडीत जाती जास्त निघाल्या. त्यावर गटातल्या काहींनी विचारलं, मग गवत राखा म्हणून एवढा धोशा कशाला, झाडंच लावू की! शिवाय दिवाळीनंतर टेकडीवरचं गवत सरसकट कापून नेतात, त्याने या जिवांचं नुकसान होतं का, हेही तुम्हाला हवंय. आणि सोबत एका काळ्या भुंगेऱ्याचा फोटो आहे.

फोटोचं शेवटी बघू. तुमची मोजणी चुकली असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मला बहुधा हेच आकडे मिळाले असते. पण कपात काय पडतं आणि का पडतं, हे कळल्याशिवाय दोन ठिकाणांची बेरीज शेजारी शेजारी मांडता येत नाही. मी स्वतः हा घोटाळा केलाय. शिकत असताना एका टेकडीचा वणव्यात जळालेला भाग आणि शेजारचा न जळालेला भाग यांची तुलना करत होते. जळालेल्या भागातल्या कपांत लांडगा कोळी, म्हणजे पळून शिकार करणारे कोळी, भराभर मिळत होते, आणि मी खुशीत लिहून टाकलं की वणव्यानंतर कोळी वाढतात. आमच्या सरांनी वही वाचली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेकडीवर नेऊन म्हणाले, आधी त्या पायवाटेवरून पळ, आणि मग या कंबरभर कुसळीतून पळ. पळाले. पायमोज्यांत इतकी कुसळं रुतली की ते मोजे पुढे टाकूनच द्यावे लागले, पण मुद्दा डोक्यात शिरला.

दाट गवतात कोळ्याला चालताच येत नाही. तो देठावर चढतो, उतरतो, वळसे घेतो. मोकळ्या जमिनीवर तोच कोळी रात्रभरात कितीतरी अंतर पळतो आणि वाटेत तुमचा कप येतो. म्हणजे कप मोजतो ते प्राणी गुणिले त्यांची धावपळ. ग्रीनस्लेड या संशोधकांनी जमिनीवरच्या भुंगेऱ्यांबाबत हे १९६४ सालीच मांडलं होतं, आणि तरी दरवर्षी कुणी ना कुणी नव्याने याच खड्ड्यात पडतं. उंदीरमारीखाली ऑगस्टमध्ये काय असतं? सावली, पातळ पालापाचोळा, विरळ गवत. पळायला मैदान मोकळं. शेजारी कुसळी आणि मारवेल ही गवतं गुडघ्याच्या वर. त्यामुळे लागवडीतल्या कपांत जास्त प्राणी पडणार, आणि जास्त प्राणी पडले की जातीही आपोआप जास्त दिसणार. पोतंभर धान्य चाळलं तर मूठभर धान्यापेक्षा खड्यांचे प्रकार जास्त निघतात, तसंच. निदान एवढं करा: दोन्हीकडून सारखेच, समजा प्रत्येकी शंभर प्राणी उचलले असते तर किती जाती निघाल्या असत्या, याचा हिशोब मांडा. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो पाच मिनिटांत होतो. तुमचा फरक बराच आटेल असा माझा अंदाज आहे.

तरी समजा, एवढं करूनही लागवडच पुढे राहिली. तर काय?

तर मी यादी मागेन. आकडा नको, नावं सांगा.

हंगेरीत डेब्रेत्सेन शहराभोवती मागुरा, लोव्हेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाबाहेरच्या जंगलापासून शहरातल्या बागेपर्यंत याच भुंगेऱ्यांची मोजणी केली. शहराकडे येताना एकूण जाती घटत जातील ही सर्वांची अपेक्षा होती, ती फसली. घटल्या त्या फक्त अस्सल जंगलातल्या जाती. त्यांची जागा उघड्या माळावरच्या आणि कुठेही भागवून घेणाऱ्या जातींनी भरून काढली, म्हणून बेरीज बदललेली दिसेना. हेलसिंकीहून १९९८ च्या सुमारास सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कामात फिनलंड, बल्गेरिया, कॅनडा अशा ठिकाणी एकाच पद्धतीने कप पुरले गेले, आणि तिथूनही पुढे आलेली शहाणपणाची गोष्ट हीच, की एकूण बेरजेवर विसंबू नका, त्या जागेच्या हक्काच्या जातींकडे बघा.

आता हे चित्र आपल्या टेकडीवर आणताना उलटं करावं लागतं, आणि इथेच पुष्कळ जण गडबडतात. तिकडे मूळ जागा जंगल होती, म्हणून माळावरचे भुंगेरे म्हणजे घुसखोर. पुण्याच्या टेकड्यांवर मूळ मालक कोण? बसाल्टचा खडक, त्यावर वीतभर मुरूम आणि माती, वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, नंतर आठ महिने कोरडं. अशा जमिनीवर गवत आणि मधून मधून बोर, हिवर, खैर यांसारखी काटेरी झाडं हेच टिकतं. सरकारी नकाशात अशा जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का बसला, आणि पडीक म्हटल्यावर ती भरून काढायची घाई झाली. उंदीरमारी, म्हणजे तेच ते गिरिपुष्प, मुळात मध्य अमेरिकेकडचं. कमी पाण्यात तगतं, गुरं-बकऱ्या फारसं खात नाहीत, फांदी खोचली तरी फुटतं. टेकडी लवकर हिरवी दिसायला याहून सोपं झाड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलतं तेव्हा छानही दिसतं, कबूल करते.

तर इथे सावलीत वावरणारे कोळी आणि भुंगेरे हे पाहुणे आहेत. ते वाईट नाहीत, पण ते तुमच्या सोसायटीच्या बागेत, कॅनॉलच्या कडेला, नदीकाठच्या झाडीतही मिळतात. लागवडीत जाती जास्त म्हणजे शहरातल्या कुठल्याही बागेत असणारी मंडळी टेकडीवर पोचली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. गवतातल्या यादीत जी नावं आहेत ती बागेत सापडतील का? हा प्रश्न एकेका नावासमोर विचारा. माझ्या अनुभवात खरी तुलना तिथेच उभी राहते.

एक नाव मी स्वतःच घेते. सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा, अँथिया सेक्सगटाटा. तुम्ही पाहिला असणारच. करंगळीच्या निम्म्याहून लांब, कोळशासारखा काळा, मानेकडच्या भागावर दोन आणि पाठीवर चार असे गोल पांढरे ठिपके, आणि पुढे चिमट्यासारखे जबडे. पहिले दोन-तीन पाऊस झाले की भर दिवसा माळावर तुरुतुरु धावताना दिसतो. लहान पोरं काडी घेऊन त्याच्या मागे लागतात. लागू नये. चिडला तर मागून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी सोडतो, मुंगी चावल्यावर जे झोंबतं तेच, फक्त जास्त. डोळ्यात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. पण मला त्याच्या शस्त्रापेक्षा त्याची पाठ महत्त्वाची वाटते. त्याचे पाठीवरचे कडक पंख जोडले गेलेले आहेत, त्याला उडता येत नाही. कायम पायी. एका टेकडीवरून तो नाहीसा झाला, तर मधला हमरस्ता, इमारती आणि पार्किंग ओलांडून दुसऱ्या टेकडीवरून तो चालत येणार नाही. याउलट बरेच छोटे कोळी पिल्लं असताना गवताच्या शेंड्यावर चढतात, मागचा भाग वर करून धागा सोडतात आणि वाऱ्यावर जातात. त्यांच्यासाठी कोथरूड ते हडपसर काही लांब नाही. तेव्हा एकाच टेकडीवरच्या दोन प्राण्यांचं भवितव्य वेगवेगळ्या हिशोबाने चालतं. लागवडीत नवीन आलेल्या जाती बहुतेक वाऱ्यावर आलेल्या असतात. गवतातून गेलेल्या जाती परत येतीलच याची खात्री नसते.

कपांवर फार विसंबू नका असं म्हणायचं आणखी एक कारण. टेकडीवरचे कितीतरी कोळी कपात पडतच नाहीत. ऑक्टोबर संपता संपता एखाद्या गार सकाळी सूर्य वर यायच्या आत टेकडीवर जा. दव पडलेलं असेल तर गवतावर जागोजाग पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दिसतील, हातरुमालाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात आत जाणारं नरसाळं. हा हिप्पासा. घराणं लांडगा कोळ्यांचं. त्या घराण्यातले बाकीचे बहुतेक जाळं न विणता पळून शिकार करतात, हा मात्र घर बांधून बसतो. नरसाळ्याच्या तोंडाशी बोटभर अंतरावर डोकं नेऊन बघा: पुढचे पाय चादरीवर टेकवून बाई बसलेली असते. गवताच्या काडीच्या टोकाने चादर अगदी हलकी थरथरवली तर झर्रकन बाहेर येते, काडी आहे हे कळल्यावर त्याहून झर्रकन आत. दव नसेल तर पाण्याच्या फवाऱ्याने चादर भिजवा, लगेच उठून दिसते. अशा चादरी एका चौरस मीटरच्या चौकटीत मोजल्या तर कपापेक्षा खूप खरा आकडा मिळतो, आणि एकही प्राणी मारावा लागत नाही.

रात्रीचं मोजणं त्याहून सोपं. डोक्याला बॅटरी लावून गवतावर प्रकाश टाकला की लांडगा कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. जवळ जाऊन पाहिलं तर खाली चार बारीक डोळे, वर दोन मोठे, मागे आणखी दोन. मादी अंड्यांची पुरचुंडी शेपटाकडे बांधून फिरते आणि पिल्लं निघाली की ती पाठीवर. अशी आई बॅटरीत सापडली तर एका कोळ्याच्या जागी चकाकणाऱ्या ठिपक्यांचा पुंजकाच हललेला दिसतो. लांडगा कोळ्यांवर पुण्यात जुनं काम आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले टिकादर आणि मल्होत्रा यांनी १९८० साली या घराण्याचा मोठा आढावा घेतला, आणि त्यात एका जातीला लायकोसा पूनाएन्सिस असं आपल्या गावाचंच नाव दिलं. हे मी पुण्याच्या मुलांना मुद्दाम सांगते. मिसळीला नाव मिळतं, कोळ्यालाही मिळू दे!

आणि पायवाटा. मॉर्निंग वॉकला येणाऱ्यांनी तुडवून घट्ट केलेल्या वाटेच्या कडेला वाकून बघा. पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी रुंद, कंपासने आखावी तशी गोल भोकं दिसतील, आणि आजूबाजूला मातीचा कण नसेल. मुंग्यांच्या बिळाभोवती माती असते, इथे नाही. हे टायगर बीटल या शिकारी भुंगेऱ्याच्या अळीचं घर. अळी स्वतःच्या चपट्या डोक्याने भोकाचं झाकण करून बसते, वरून मुंगी गेली की मागे वाकून जबड्यात पकडते. गवताची बारीक काडी हळूच आत सोडली तर ती काडी थोडा वेळ हलते, कारण आतून कुणीतरी तिला बाहेर ढकलत असतं. ही अळी दाट गवतात राहू शकत नाही आणि पालापाचोळ्याखालीही नाही. तिला उघडी, घट्ट, ऊन लागणारी जमीन हवी. एका टेकडीवर सुशोभीकरण म्हणून पायवाटेवर पेव्हर ब्लॉक टाकले गेले, आणि त्या पावसाळ्यानंतर त्या वाटेच्या कडेला मला एकही भोक दिसलं नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण तुमचा दुसरा प्रश्न. हिप्पासाला मध्यम उंचीचं गवत लागतं. पाठीवर पिल्लं वागवणाऱ्या, पळून शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्याला कापलेलं किंवा चरलेलं खुरटं गवत चालतं, उलट जास्त आवडतं. अळीला नागडी जमीन. दोन काड्यांमध्ये गोल जाळं ताणणाऱ्या कोळ्यांना उंच, उभं, अगदी वाळलेलं गवत. बोरीच्या झुडपावर मळकट गोणपाटासारखं सामाईक घर करून राहणारा स्टेगोडिफस दिसला असेल. त्याला काटेरी झुडूपच लागतं. हे सगळे एकाच टेकडीवर तेव्हाच राहतात जेव्हा टेकडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे गवत कापणं हा गुन्हा नाही. एका आठवड्यात सगळी टेकडी कापणं हे नुकसानीचं आहे, आणि अजिबात न कापता वर्षानुवर्षं सोडणं हेही फारसं बरं नाही, कारण मग जुन्या गवताचा गादीसारखा थर साचतो, आणि एक दिवस वणवा येऊन तो सगळा एकदम नेतो.

सरसकट कापणीत नेमकं काय जातं ते बघा. पाठीवर आडवे पिवळे पट्टे असणारा आणि जाळ्यात पांढरी फुली काढून त्यावर बसणारा कोळी तुम्हाला माहीत आहे, सही करतो म्हणतात तो, अर्जियोपी. त्याची आणि त्याच्यासारख्या बऱ्याच गोल जाळंवाल्यांची मोठी मादी पावसाळा सरता सरता अंडी घालते आणि मरते. अंड्यांची थैली गवताच्या, झुडपाच्या काड्यांना बांधलेली राहते. दिवाळीनंतर विळा फिरतो तेव्हा कोळी तसेही नसतात, त्यामुळे कापणाऱ्याला काहीच दिसत नाही. जे जातं ते पुढच्या वर्षाचं बियाणं, पेंढीत बांधून, गोठ्यात.

मग करायचं काय? मी जिथे सल्ला देते तिथे असं सांगते. टेकडीचे तीन तुकडे पाडा, नकाशावर, ढोबळ. एका वर्षी एकच तुकडा कापा, फार तर दीड. पुढच्या वर्षी दुसरा. कापताना विळा वापरा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. ब्रश कटरला माझा विरोध आहे, कारण माणसं तो जमिनीला घासून चालवतात, आणि मग गवताबरोबर हिप्पासाची नरसाळीही भुगा होऊन जातात. कापलेलं गवत एक-दोन दिवस तिथेच पसरून राहू दे. वाळतंही आणि त्यातले जीव खाली उतरून शेजारच्या उभ्या गवतात जातात. मग भारे बांधा. गवत नेणाऱ्यांना हे पटत नाही असं म्हणतात, पण मला तसा अनुभव नाही. वाळलेला भारा हलका असतो, डोक्यावरून टेकडी उतरणाऱ्या बाईला हे आपण सांगायची गरज नसते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे वणवा. न कापलेलं गवत म्हणजे जळण, हे खरं आहे. पण शहरातल्या टेकडीवर आग बहुतेक वेळा वाटेच्या कडेलाच लागते, विडी-सिगारेट फेकणारा गवताच्या मधोमध जात नाही. म्हणून कापायचा तुकडा निवडताना वाटांच्या दोन्ही बाजूंचे पट्टे दरवर्षी कापा, तीच तुमची जाळरेषा. आतला भाग आळीपाळीने. म्हणजे वाटेच्या कडेला कायम खुरटं गवत, टायगर बीटलची सोय, आणि आत उंच गवत. तरी वणवा लागलाच तर हातपाय गाळू नका. जमिनीत बीळ करणारे कोळी वाचतात, गवताची आग पटकन पुढे सरकते आणि बोटभर खाली माती फारशी तापत नाही. वरच्या अंड्यांच्या थैल्या मात्र वाचत नाहीत. शेजारी एखादा न जळालेला तुकडा उरला तर तिथूनच पुन्हा भरणी होते.

बर्लिनमध्ये टेंपलहोफचा जुना विमानतळ २०१० पासून लोकांसाठी खुला आहे, तीनशेहून जास्त हेक्टर, बराचसा कोरडा गवताळ माळ. २०१४ साली तिथे इमारती नकोत म्हणून लोकांनी मतदान केलं. चंडोलांच्या विणीच्या काळात गवताचे काही भाग दोरी लावून बंद ठेवतात. म्हणजे भर शहरात, पतंग उडवणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या गर्दीतही तुकड्यातुकड्याने गवत सांभाळता येतं. पण तिथलं वेळापत्रक उचलून आणू नका. त्यांचा उन्हाळा ओला आणि वाढीचा, आपला कोरडा आणि झोपेचा. तिकडची जूनमधली कापणी इथे केली तर काय कापणार, धूळ?

चराईबद्दल थोडक्यात. दहा-वीस मेंढ्या-बकऱ्या अधूनमधून फिरल्या तर बिघडत नाही, त्यांनी जमीन जागोजागी उघडी राहते. झाडं लावण्यासाठी उतारावर आडवे खणतात त्या सलग समतल चरांबद्दल माझं मत कडक आहे: आधीच पातळ असलेल्या मातीचा थर उलटा करून मुरूम वर आणायचा, आणि ज्या झाडांसाठी हे चाललंय ती तिथली नाहीतच. चरात पाणी साचतं तिथे हिरवट चमकदार क्लिनियस भुंगेरे मिळतात, हातात घेतलं तर दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास मारतात. सुंदर असतात, पण ते ओलीचे प्राणी. चराच्या कडेला कप पुरले असतील तर तुमच्या यादीत ते आलेच असतील, आणि यादी फुगली असेल. आहे ती झाडी उपटून काढा असं मात्र मी म्हणत नाही. नवीन लावू नका आणि उंदीरमारीची रोपं गवतात शिरतायत ती दरवर्षी काढा, एवढं पुरे. आणि दगड! दगडाखाली बघितलं की दगड जसा होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवा. पोरांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. उलटा टाकलेला दगड म्हणजे कुणाचं तरी छप्पर गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा कप पुरणार असाल तर काही गोष्टी. टेकडी वन खात्याच्या ताब्यात असेल तर लेखी परवानगी आधी काढा, प्राणी पकडून मारायचे असल्याने तोंडी होकार पुरत नाही. मेच्या अखेरीस सब्बल घेऊन खड्डे करा, मुरमात नंतर जमत नाही. कप पुरा आणि आठवडाभर झाकण लावूनच ठेवा. ताज्या उकरलेल्या मातीभोवती पहिले काही दिवस प्राणी उगाच जास्त घुटमळतात. कपाची कड जमिनीच्या बरोबरीत हवी, नखभर वर राहिली तरी लहान भुंगेरे वळसा घालून जातात. वर चार खड्यांवर टेकवलेली फरशी किंवा कौल, नाहीतर पहिल्याच वळवाच्या सरीत कप तरंगतात. माझे तरंगलेत, म्हणून सांगते. तोंडावर मोठ्या भोकांची जाळी बसवा म्हणजे सरडे, बेडूक, चिचुंद्र्या आत जाणार नाहीत. द्रव म्हणून मिठाचं दाट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. गाडीचं कूलंट वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते गोड लागतं, टेकडीवरची कुत्री पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मृग लागल्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, महिन्यातून एक आठवडा उघडे ठेवा, बाकी वेळ बंद. मृगाचा लाल मखमली किडा कपात आला तर त्याला भुंगेऱ्यांच्या रकान्यात घालू नका. आठ पायांचा तो, कोळ्यांचा लांबचा भाऊबंद.

पिल्लं कोळी वेगळे मोजा, त्यांना जातीचं नाव देऊ नका. कोळ्याची जात पक्की करायला पूर्ण वाढ झालेला नर किंवा मादी लागते, त्यांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, आणि फोटोवरून हे जवळपास कधीच होत नाही. नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे रीतसर पत्र लिहून विचारा. भुंगेऱ्यांचं प्रकरण जास्त कठीण. आपल्याकडच्या जमिनीवरच्या भुंगेऱ्यांवर अँड्र्यूज यांचे १९२९ आणि १९३५ चे दोन खंड अजूनही हाताशी धरावे लागतात, यातच काय ते समजा. जातीचं नाव नाही सापडलं तर ‘क्लिनियस १’, ‘क्लिनियस २’ असं लिहा, पण एकाच माणसाने सगळे बघा, म्हणजे तुमचा १ आणि दुसऱ्याचा १ वेगळा निघणार नाही.

आता तो फोटो. काळा, मंद चालीचा, पाठ गोलसर, तुम्ही खाली ‘ग्राउंड बीटल’, म्हणजे जमिनीवरचा भुंगेरा, असं लिहिलंय. मला शंका आहे. त्याच्या मिशा बारीक मण्यांची माळ ओवावी तशा दिसतायत. ग्राउंड बीटलच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ असतात. हा बहुधा टेनेब्रिओनिड, म्हणजे भुंगेऱ्यांच्या वेगळ्याच घराण्यातला, वाळलेला पाला खाणारा, शिकारी नव्हे. नमुना जपून ठेवला असेल तर भिंगाखाली उताणा करा आणि सगळ्या पायांच्या टोकाकडचे सांधे मोजा. तिन्ही जोड्यांत पाच-पाच असतील तर मी चुकले. पुढच्या दोन जोड्यांत पाच आणि मागच्या पायात चार निघाले तर तो टेनेब्रिओनिड. असे आणखी किती जण तुमच्या भुंगेऱ्यांच्या रकान्यात बसलेत ते एकदा बाटल्या उघडून तपासा, विशेषतः लागवडीतल्या बाटल्या, पालापाचोळा तिकडेच आहे.